भोंग्याचा घसा

भाजीबाजाराच्या लिलावाच्या शेडमध्ये तिला सगळे भोंगा म्हणत, आणि तिला त्याचा कोण अभिमान! नवरा गेल्यावर ती भाव पुकारायला लिलावाच्या चौथऱ्यावर चढली ती चढलीच. नुसत्या आवाजाच्या जोरावर लेक वाढवली. मग एकदा घसा बसला तो उठेचना. महिने लोटले, तरी भाव पुकारताना आवाज मध्येच फाटायचा. शेडनं निदानही करून टाकलं: कॅन्सर. धाकट्या दिराला तर वहिनीच्या आजारापेक्षा तिचा रिकामा होणारा चौथराच दिसू लागला.

"ज्यांना माझ्या मरणाची घाई आहे, त्यांनी जरा दम धरावा," असं घोगऱ्या आवाजात सुनावून ती घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी नाकातून बारीक कॅमेरा घालून स्वरयंत्र पाहिलं. स्वरतंतूंवर समोरासमोर दोन इवल्या गाठी होत्या. कॅन्सरचा संबंध नाही. फावडं धरून तळहाताला पडतात तसे हे ओरडून पडलेले घट्टे. ऑपरेशनही इतक्यात नको. आधी आवाजाला विश्रांती, मग बोलण्याची नवी सवय.

विश्रांतीचा अर्थ तिनं स्वतःच्या अकलेनं लावला. प्रत्येक भावाआधी रीतसर खाकरायचं, मग लेकीच्या कानात कुजबुजायचं, आणि लेकीनं ओरडायचं. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. कुजबुजूनही ताण पडतो, खाकरलं की स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. सध्या तोंडाला कुलूपच हवं.

ती चिडली, पण चौथरा काही सोडला नाही. भाव बोटांनी, सौदा लाकडी हातोडीच्या ठोक्यानं. मुक्यांचा बाजार भरलाय म्हणून दीर खिदळला. पण बोटं दिसायची आणि ठोका ऐकू यायचा, तर व्यापाऱ्यांना गप्प राहून मान वर करावी लागे. कुणाच्या बापाला न जुमानणारी ती शेड हळूहळू गप्प व्हायला शिकली.

गाठी ओसरल्या. बोलायची परवानगी मिळाली, ओरडायची नाही. दवाखान्यातून ती थेट शेडवर आली, तर दीर माइक घेऊन चौथऱ्यावर उभा. तिला पाहताच व्यापारी सवयीनं चूप झाले.

खाकरायची ऊर्मी तिनं पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.

"भावजी, खाली उतरा."

स्वयंपाकघरात बोलावं तेवढ्याच आवाजात ती बोलली. पार मागच्या कांद्याच्या ढिगापर्यंत ते ऐकू गेलं, आणि दीर उतरला.