शोकेसबाहेरचे कप

उकळत्या चहाचा वास आला की मलकपेठचं ते जुन्या सामानाचं दुकान आठवतं. आईला घेऊन मी तिथे इंग्लंडचे जुने चिनी मातीचे कप विकत घेतले होते. निळी वेल, सोनेरी कड, उजेडात धरले की पलीकडची बोटं दिसायची. कागदात गुंडाळताना दुकानदार आईला म्हणाला, "इसमें चाय नक्को पियो अम्मा, शोकेस में अलग रखो." आईचं लहानपण मराठवाड्यात, मालकाच्या दारात आमच्या लोकांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा पिण्यात गेलेलं. तिने शेजारच्या हॉटेलातून चहा मागवला, त्यातल्याच एका कपात ओतला आणि तिथेच सावकाश प्यायली. "आमच्या घरात कुठलाच कप वेगळा राहणार नाही," म्हणाली. आता एकाचा कान तुटलाय. बघणारे हळहळतात. मी त्यांनाही त्याच कपांतून चहा देते.