काकींच्या चेहऱ्याचा बुकमार्क

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला बुकमार्क रंगवायचा नाद लागलाय. जाड कागदाची दोन बोटं रुंद पट्टी, वर कुणाचा तरी चेहरा आणि खाली त्याच माणसाच्या कपड्याचे काठ नाहीतर बुट्टे. कुणी मागो न मागो, मी वाटत सुटते.

शेजारच्या मारवाडी काकींनी मात्र स्वतःहून मागितला, रोजच्या पाठाच्या ग्रंथात ठेवायला. त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या जालन्यातच गेल्या. लाल बांधणीची ओढणी मागे सारून काकी तीन दुपारी माझ्या खिडकीपाशी बसल्या. नाकाजवळची चामखीळ, हनुवटीखालची वळी, खाली ओढणीची लाल बांधणी, सगळं नीट उतरलं. इतका चांगला चेहरा मला आधी कधी जमला नव्हता, खोटं कशाला बोलू.

चित्र बघून काकी खुलल्या आणि लगेच म्हणाल्या, "आता याच्यावर घुंगट रंगव."

मला वाटलं, चेष्टा करतायत.

"तो ग्रंथ जेठजी पण वाचतात. पन्नास वर्षांत त्यांनी माझं तोंड पाह्यलं न्हाई."

जेठजी म्हणजे त्यांचे थोरले दीर, ऐंशीच्या पुढचे. मी वैतागले. "काकी, हे नुसतं चित्र आहे. आणि घुंगटच हवा होता तर तीन दिवस तोंड उघडं ठेवून बसलात कशाला?"

"तेच मलाबी समजून न्हाई राह्यलं."

मी दोनदा लाल रंग कालवला, दोनदा वाळू दिला. त्यांचं सांगणं ऐकावं की त्यांची हौस जपावी, काही सुचेना. शेवटी तशीच पट्टी घेऊन त्यांच्याकडे गेले, म्हटलं तुमचं तुम्ही ठरवा. काकी चहा टाकायला आत गेल्या. पट्टी ग्रंथावर राहिली आणि नेमके जेठजी पाठाला येऊन बसले.

त्यांनी चष्मा लावून ती निरखली. "छान काढलंय. ओढणी तर आमच्या छोट्या बहूची आहे. पण ही बाई कोण?"

दारात ती छोटी बहू, म्हणजे काकीच, चहा घेऊन उभ्या होत्या, घुंगट गळ्यापर्यंत. घुंगटाआडची मान हलली, सांगू नको.

"आहे एक ओळखीची," मी म्हणाले. जेठजींनी पट्टी पानात ठेवली आणि वाचायला लागले. मला हसू येत होतं आणि फार वाईटही वाटत होतं.

स्वयंपाकघरात मी हळूच विचारलं, "ब्रश आणू का?"

"राहू दे," काकी म्हणाल्या. "आता घुंगटाची काय गरज राह्यली?"