प्रल्हादचं नाक आणि चव बदलणारी सिगार

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. माझं वरठीला रेल्वे फाटकाजवळ मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. कारखान्याची पाळी सुटली की लोक पंक्चर काढायला थांबतात आणि पंक्चर निघेपर्यंत एखादा किस्सा सांगून मोकळे होतात. गाडी घेऊन जातात, किस्सा दुकानातच राहतो! आता माझ्याकडे पान्यांपेक्षा किस्से जास्त झालेत. त्यातले आमच्या चौघांचे तेवढे आज सांगतो, कारण ते सगळे एकाच नाकाभोवती फिरतात.

ते नाक प्रल्हादचं. प्रल्हाद मेश्राम स्टीलच्या कारखान्यात क्रेन चालवतो. दुसरा तेजराम, आंधळगावचा धानाचा शेतकरी. तिसरा गुणाजी. हा बिडी कारखान्यात तपासायला होता. बायांनी वळून आणलेल्या बिड्यांतल्या वाकड्या, सैल बिड्या बाजूला काढायच्या, हे त्याचं काम. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा त्याचा कारखाना तिकडच्या हद्दीत गेला. "झोपलो तवा कारखाना भंडाऱ्यात होता, उठलो तं परजिल्ह्यात!" हे तो अजून कोणालाही सांगतो, ऐकणाऱ्याने विचारलं नसलं तरी.

चौथा मी. दर रविवारी सकाळी आम्ही तेजरामच्या खळ्यावर बसायचो आणि एक बिडी चौघांत फिरायची.

*

आधी त्या नाकाची थोरवी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

शहापूरला एक लग्न होतं. आम्ही मांडवाबाहेर गाड्या लावत होतो. प्रल्हादने मान वर केली आणि म्हणाला, "वरण खालून लागून राहिलं."

आचारी मांडवाच्या पार मागे, मध्ये अत्तर शिंपडलेले शे-दीडशे पाहुणे आणि जनरेटरचा धूर! तरी हा सरळ आत गेला आणि आचाऱ्याला म्हणाला, "जाळ कमी कर." आचारी भडकला. "तू कोन होय बे? मुलाकडचा का मुलीकडचा?"

प्रल्हाद म्हणाला, "मी वरणाकडचा!"

झाकण काढून पळी फिरवली तर तळाला नुकतं धरायला लागलं होतं. वरण वाचलं. मुलीच्या बापाने प्रल्हादला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं, आणि आम्ही त्याचे दोस्त म्हणून आम्हालाही.

तेजरामचा तर वेगळाच नेम होता. तो दरवर्षी थोडा चिन्नोर लावतो, आमच्याकडचा वासाचा तांदूळ. नवा भात शिजला की पहिली वाफ प्रल्हादने घ्यायची. त्याने डोळे मिटून "हाव, जमला" म्हटलं की मगच तेजरामच्या घरात पानं मांडली जायची.

*

कोरोनाच्या साथीत प्रल्हादला ताप आला. ताप गेला, खोकला गेला आणि त्यांच्यासोबत वासही गेला. सगळ्यांना वाटलं, येईल आठवड्यात. साथ संपली, तोंडाच्या पट्ट्या गेल्या, वास काही आला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, लिंबू, लवंग, गुलाब असे ठरलेले वास सकाळ-संध्याकाळ हुंगत जा, नाकाला आठवण करून द्या. प्रल्हाद शिस्तीचा माणूस. एका डबीत लिंबाची फोड, चार लवंगा आणि गुलाबाच्या पाकळ्या घेऊन कामावर निघाला.

गेटवरच्या गार्डने डबी उघडली आणि दोन पावलं मागे सरकला. "मेश्राम भाऊ, कोनावर टाकाले आनलं हे?"

आता हा माणूस विहारात अंधश्रद्धेवर भाषणं देतो! त्या दिवशी दुकानात आला तेव्हा रागाने लाल झाला होता. "आयुष्यभर लोकाईच्या घरातून लिंबू-मिरच्या काढायले लावल्या, अन् आता माह्याच डबीत लिंबू!"

गुणाजीने त्याची समजूत काढली. "मिरच्या नाही न तुह्यात? मंग चालते."

*

त्या दिवाळीत प्रल्हादचा भाचा सुमेध आला. तो जहाजावर आचारी आहे. रविवारी मामासोबत खळ्यावर आला आणि एक लाकडी पेटी काढली. आत अंगठ्याएवढ्या जाड सिगारी.

"मामा, हे बिडीसारखं नाही. चांगली सिगार जळता जळता चव बदलते. आधी कॉफी, मध्ये लवंग-मिरे, शेवटी चामडं."

"चामड्याचा वास तं माह्या चपलेत हाय," गुणाजी म्हणाला. "पेटव तिले."

तेजराम मात्र गप्प झाला होता. त्याचा गप्पपणा म्हणजे हिशेब चालू असतो. मग तो म्हणाला, "आयका. डॉक्टरनं तीन वास हुंगायले सांगितले. इथं तं चार वास एका कांडीत हाय! नाकाले एक नाही तं दुसरं ओळखीचं निघनच!"

डॉक्टरला विचारावं, असं मी म्हटलं. प्रल्हादने फोन लावला. डॉक्टर एवढ्या मोठ्याने ओरडले की फोन कानाला न लावताही आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. प्रल्हादने शांतपणे फोन खिशात ठेवला.

"काय म्हनले?" तेजरामने विचारलं.

"नाही म्हनले. माचिस दे."

*

पहिल्या सिगारीचं टोक तेजरामने अडकित्त्याने कापलं. सुमेध सांगत होता, धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात खेळवायचा, घाई करायची नाही. आम्ही बिडीवर वाढलेले. एकेकाने असा दम मारला की खळ्यावरच्या कोंबड्या शेजाऱ्याकडे गेल्या.

खोकला थांबल्यावर भांडण सुरू झालं. सिगार बिडीसारखीच हातोहात फिरली होती. तेजराम नेहमी पहिला, म्हणून त्याला कॉफी लागली. मी मधला, मला भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी लागलं. गुणाजीचा नंबर शेवटी, तो म्हणाला निव्वळ मिरे. तिघेही इरेला पेटलो. तू खोटा, तुझं तोंड खराब, इथपर्यंत गोष्ट गेली. सुमेध मध्ये पडला. "मामालोक, तिघंही बरोबर हाय! तुम्ही एकेक तुकडा ओढला, पुरी कोणीच नाही ओढली!"

मग ठरलं की पुरी सिगार एकट्या प्रल्हादने ओढायची. औषध वाटून घेत नसतात. त्याने शेवटपर्यंत ओढली. आम्ही तिघं समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"काय?" मी विचारलं.

"गरम हाय," तो म्हणाला.

*

सुमेध पेटी ठेवून जहाजावर गेला. जाताना सांगून गेला की सगळ्या सिगारी सारख्या नाहीत. काही पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राग आळवतात, काही बदलतात. कोणती बदलते ते पेटवल्याशिवाय कळत नाही.

गुणाजीने तपासणीचं काम आपल्याकडे घेतलं. एकेक सिगार बोटांत फिरवली, दाबली, कानाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "याईले धागाच नाही. अर्ध्यात सुटून गेली तं?" आणि घरून गुलाबी धागा आणून त्याने प्रत्येकीला मधोमध पक्का बांधला, बिडीला बांधतात तसा.

पुढच्या रविवारी आधी तेजरामने चव पाहायला घेतली. अर्ध्यापर्यंत काही नाही. अर्ध्यावर त्याचे डोळे चमकले. "बदलली! बदलली बे! आता काही वेगळंच येऊन राहिलं!"

धागा जळत होता.

*

सुमेधने आणखी एक सांगितलं होतं, पेटी कोरड्यात ठेवू नका, ओल राहिली पाहिजे. तेजरामने घरभर जागा शोधली. माठाच्या बुडाशी एक गाडगं होतं, गार, ओलसर, झाकण घट्ट. त्याने पेटीतून सिगारी काढल्या आणि गाडग्यात ठेवल्या. वर कापड बांधलं. गाडग्याच्या तळाला बायकोने सुकवलेले झिंगे ठेवले होते, तेवढं त्याला दिसलं नाही.

रविवारी गुणाजीने पेटवली. पहिला झुरका घेतला, थांबला. आम्ही विचारलं, बदलते का?

"बदलते," गुणाजी म्हणाला. "आधी झिंगे. मधात झिंगे. शेवटी आलू-झिंगे."

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. प्रल्हादही हसला, पण मग त्याने ती सिगार हातात घेऊन दोन-चार झुरके मारले आणि आमच्याकडे पाहिलं. "खरंच येते का एवढा वास?" असं त्याने विचारलं, आणि मला वाईट वाटलं.

एक सिगार तेवढी वाचली होती. ती गुणाजीने तपासायला म्हणून खिशात घालून घरी नेली होती आणि विसरला होता.

*

हा किस्सा छोटा आहे, पण तो न सांगता पुढे जाता येत नाही.

एका सकाळी प्रल्हाद दुकानासमोर थांबला आणि ओरडला, "आला! वास आला! सकाळी चहाचा आला!" मी हातातला पाना टाकला. तेजरामला फोन केला, तो पेढे घेऊन आला, गुणाजी आला. वरात काढून प्रल्हादच्या घरी गेलो.

त्याच्या बायकोने, कुंदा वहिनींनी, सगळं ऐकून घेतलं. आत गेल्या आणि झाकलेली वाटी घेऊन आल्या. "डोळे मिटा अन् सांगा."

प्रल्हादने हुंगलं. "कॉफी."

वहिनींनी झाकण काढलं. वाटीत फिनाईल होतं.

मग प्रल्हादच म्हणाला, "तुमी लोक एवढं करून राहिले माह्यासाठी. मले वाटलं, तुमाले तरी बरं वाटन."

वहिनी वाटी घेऊन आत गेल्या. नंतर मला एकट्याला म्हणाल्या, "गॅसची नळी सुटली तरी याईले कळत नाही, भाऊ. म्हून मी माहेरी जात नाही." तेजरामने पेढे परत नेले नाहीत. ते आम्ही तिथेच बसून खाल्ले.

*

त्या वर्षी चिन्नोर उशिरा निघाला. मळणी झाली, खळ्यावर तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, दोन ढीग लागले, एक मोठा साध्या धानाचा, एक लहान चिन्नोरचा. तेजरामने सगळ्यांना नव्या भाताला बोलावलं. कुंदा वहिनीही आल्या, तेजरामच्या बायकोसोबत चुलीपाशी बसल्या.

भात झाला. तेजरामने नेमाप्रमाणे प्रल्हादला पुढे बसवलं आणि झाकण काढलं. मला ओट्यावर वास येत होता. प्रल्हाद वाफेत तोंड घालून बसला, खूप वेळ. मग उठला आणि म्हणाला, "तुमी वाढून घ्या. कोनी सांगतलं, मी सांगतलं तरच जेवा म्हून?"

तेजरामने पानं मांडू दिली नाहीत. आम्ही खळ्यावर येऊन बसलो. गुणाजीने खिशातून ती शेवटची सिगार काढली आणि आधी धागा सोडला.

आणि काय सांगू, ती बदलणारी निघाली! प्रल्हादने नको म्हटलं म्हणून आम्ही तिघांनीच ओढली, प्रत्येकाने सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. आधी कोको, मग गुळाचा पाक उकळतो तसं काही, मग एकदम वेलदोडा. गुणाजी म्हणाला वेलदोडा नाही, जायफळ. तेजराम म्हणाला वेलदोडाच. त्याने वाद घालायला दोन्ही हात मोकळे पाहिजेत म्हणून सिगार बैलगाडीच्या दांडीवर ठेवली. प्रल्हाद आमच्याकडे आणि ढिगांकडे पाठ करून, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एकटाच बसला होता. वाद जोरात चालला होता.

"काही जळून राहिलं," प्रल्हाद म्हणाला.

"हाव, सिगार जळून राहिली," गुणाजी म्हणाला. "तू बस. वेलदोडा कसा होईन बे? जायफळ होय!"

"सिगार नोहोय. तनीस होय."

आम्ही वळलो. सिगार दांडीवरून घरंगळून लहान ढिगात पडली होती आणि बुडातून धूर निघत होता. तेजराम बादलीकडे धावला, मी माझा शर्ट काढला. गुणाजी मात्र जागचा हलला नाही. आयुष्यभर तपासणीचं काम केलेला माणूस.

"पाहून सांगतलं का वासानं?" त्याने विचारलं.

"माही पाठ होती न बे तिकडं!" प्रल्हाद उभा राहिला, अजून पाठमोराच. त्याचे डोळे मिटलेले होते. "मोठा ढीग नोहोय... लहान होय. चिन्नोरचा होय!"

कुंदा वहिनी चुलीपासून धावत आल्या आणि तिथेच थांबल्या. मी तेजरामच्या हातातली बादली ओढायला गेलो. तेजरामने ती सोडली नाही. त्याचं तणस जळत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो माझ्यावर ओरडला,

"थांब बे! पानी टाकू नोको! घेऊ दे त्याले वास!"