निमुळतं चाक

मी नागपूरकडच्या गोरेगावला शाळेत मास्तर आहे. बायकोच्या उपचारांसाठी गेलं वर्षभर आम्ही दर महिन्याला नागपूरची गाडी पकडतो. गाडी फलाटाला लागताना लोक दरवाजे बघतात, तर चाकं तपासणारे एक गृहस्थ उकिडवे बसून चाकं बघतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते बोलतात तेही चाकांबद्दलच.

"चाक जरासं निमुळतं रायते गुरुजी, म्हनून गाडी आपोआप रुळाच्या मधात येते. घासून त्याचा आकार बिघडला, तं हळू गाडीत समजत नाही. वेगात मात्र डबा डोलते, अन् डोलनं वाढतच जाते."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही शेवटच्या डब्यात बसलो होतो. ते खाली वाकले, एका चाकावरून बोटं फिरवली आणि गार्डला म्हणाले, "हा डबा जाऊ देऊ नोका."

मी खाली उतरून त्यांच्यावर ओरडलो. डॉक्टरांनी दिलेली वेळ सांगितली, नको ते बोललो. आमची पिशवी उचलून त्यांनी बायकोला पुढच्या डब्यात खिडकीशी बसवलं. डबा काढायला पाऊण तास गेला. तरी आम्ही वेळेत पोचलो, ऑपरेशन नीट झालं.

पुढच्या खेपेला मी त्यांची माफी मागितली.

"तुमी बरोबरच भांडले," ते म्हणाले. "तुमच्या जागी मी पन भांडलो असतो. पन तुमी कितीही भांडले असते, तरी तो डबा मी जाऊ दिला नसता."