नावं हरवलेली गाणी

डेन्मार्कातल्या होल्बी गावात कुणाच्याही लग्नाला पंचवीस वर्षं झाली की मेजवानीत पाहुण्यांनी म्हणायचं गाणं आग्नेटेबाईंनीच रचायचं, हे ठरलेलंच. पण लिसी आणि एगोनच्या मेजवानीच्या आठवड्यातच बाईंच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क खरखरली आणि गप्प झाली. त्या दोघांसाठी रचलेलं गाणं आधीच्या सगळ्या गाण्यांसकट आतच अडकलं.

दुरुस्तीवाल्या पालेने खटपट करून सगळं बाहेर काढलं. "बाई, गाणी वाचली. फायलींची नावं मात्र गेली, नुसते आकडे उरलेत. पण तुम्हीच लिहिलीत ना, ओळखाल की!"

बाई वाचत सुटल्या. पहिल्या गाण्यात नवरा घोरत होता. दुसऱ्यातही. तिसऱ्यात तर जोरात.

"गावातले सगळेच घोरतात होय?" पाले हसला. "आणि गाण्यात नावं का घालत नाही हो?"

"चालीत बसत नाहीत रे!" बाई कावल्या. एगोन घोरतो की नाही, हेच त्यांना आठवेना. शेवटी वाऱ्याने तंबू उडालेलं एक गाणं त्यांनी देवावर भरवसा ठेवून उचललं.

शनिवारी सगळ्यांनी ते घसा ताणून म्हटलं. तंबूच्या कडव्याला लिसीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी असाच उडाला होता गं!"

"कुठला तंबू?" एगोनने विचारलं.

"तुला कधी काही आठवलंय? गा मुकाट्याने!"

गाणं बरोबर निघालं की लिसीच चुकली, हे बाईंना घरी पोचल्यावरही कळलेलं नव्हतं.