शांतारामकाकांच्या अंगठ्याच्या खुणा

शांतारामकाका. सावंतवाडीतले तांबट. मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे. फोंडाघाटजवळच्या आमच्या गावातून रोज कॉलेजला येणं-जाणं जमेना, तेव्हा त्यांनी मला दुकानाच्या माळ्यावर तीन वर्षं ठेवून घेतलं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. अतींद्रिय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितोय...

पत्रा ठोकण्याआधी काका डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवायचे आणि कोळशाने ठिपके द्यायचे. "हंय हट्टी आसा. हंय गरीब." ठिपका हट्टी, म्हणजे कडक जागी; तिथे ठोका जोरात, गरीब जागी हलका.

एम.एस्सी.च्या सुट्टीत मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "काका, तांब्यातला प्रत्येक स्फटिक वेगळ्या दिशेने बसलेला असतो, त्याप्रमाणे कडकपणा बदलतो, हे खरं. पण तो फरक मोजायला हिऱ्याची सूक्ष्म सुई लागते. अंगठ्याला कळणं अशक्य."

एक गिऱ्हाईक म्हणालं, "काकानू, आता अंगठ्याक कॉलेजात घाला."

काकाही माझ्याकडे बघत हसले. "शिकलो रे माझो सुनल्या." हातातला पत्र्याचा तुकडा त्यांनी मला दिला. त्यावर सात ठिपके, एक फुली.

"फुली कसली?"

"थंय माका कळूक नाय."

दोन वर्षांनी प्रयोगशाळेत नमुना हवा होता म्हणून तो तुकडा काढला. घासण्याआधी सवयीने फोटो घेतला. मग यंत्राची सुई शेकडो जागी टोचली आणि स्फटिकांचा नकाशा फोटोवर ठेवला. सातही ठिपके कडक दिशेच्या स्फटिकांवर. फुली बरोबर दोन स्फटिकांच्या सीमेवर – तिथे दर वेळी वेगळा आकडा. माझे संशोधनाचे गाईड म्हणाले, योगायोग. मी पुन्हा मोजलं. तेच.

त्याच दुपारी काकांना फोन केला. "अजून एका तुकड्यावर खुणा करून द्याल?"

काका म्हणाले, "तू सांगलंस त्या दिवसापासून अंगठो गप आसा रे. आता पत्रो नुसतो पत्रो लागता. दुकान पुतण्याक दिलंय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

अंगठ्याला ते कसं कळत होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी पाठवलेलं पत्र तेवढं देतो.

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.
फोटो आणि नकाशा सोबत आहे. तुमचं बरोबर होतं. मी चारचौघांत बोललो ते मोजण्याआधी बोललो. तो तुकडाही परत पाठवतोय. घासताना तुमचे ठिपके गेले, माफ करा. खुणा करू नका. नुसता हातात धरा, डोळे मिटून. काही कळलं तर पुतण्याला सांगा. मला नाही कळवलंत तरी चालेल.
तुमचा,
सुनल्या