मी सिस्टरची सूचक झाले

आमचं गाव तालुक्याचं, नांदेडला जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लातूरला. मी तिथं घरी ब्लाऊज शिवते. आमचे हे ऑटो चालवतात. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, मुलगी मुखेडला दिलीय. मतदान मी लग्नापासून करत आलेय, पण कुणाला करायचं हे घरात आधीच ठरलेलं असायचं. सासरे होते तोवर ते सांगायचे, नंतर दीर सांगायचे. मी बटन दाबून यायची आणि पुन्हा मशीनवर बसायची.

बऱ्याच वर्षांनी नगरपरिषदेची निवडणूक लागली. नगराध्यक्षाची जागा बाईसाठी सुटली होती आणि लोकांनी थेट मत देऊन निवडायची होती. त्या आठवड्यात एका सकाळी सिस्टर आमच्या दारात आल्या. गावात सिस्टर म्हटलं की एकच. सरकारी दवाखान्यात तीस-बत्तीस वर्षं बाळंतपणं करून रिटायर झालेल्या. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. मला वाटलं ब्लाऊज टाकायला आल्या.

"बस गं, मशीन थांबव," त्या म्हणाल्या. "मी अध्यक्षाला उभी राहतेय. अपक्ष. फॉर्मवर सूचक लागतात. तू सही करशील?"

"सूचक म्हणजे काय जी?"

"म्हणजे ही बाई उभी राहावी असं मला वाटतं, असं लिहून द्यायचं."

मला एवढंच सुचलं, "सिस्टर, काऊन उभ्या राहून राहिल्या तुम्ही? आराम करायचं वय हाय."

त्या हसल्या. म्हणाल्या, "नोकरीत होते तेव्हा वरच्यांना सांगून सांगून थकले. बाजारात भाजी विकणाऱ्या बायांना दिवसभर बाथरूमला जागा नाही. लघवीच्या त्रासानं दवाखान्यात यायच्या, मी गोळ्या द्यायची. गोळ्या किती वर्षं देणार?"

मी हात पुसले आणि सही केली. ह्यांना विचारलं नाही. पहिल्यांदाच.

त्याचं कारण कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगायची वेळ पुढं आली, तेव्हा सांगेन.

छाननीत फॉर्म टिकला. चिन्ह मिळालं कपाट. छापून आलेल्या पत्रकावर ते कपाट दिसेचना. कुणी म्हणे फ्रीज आहे, कुणी म्हणे दरवाजा. एका आजीनं तर विचारलं, "ही लिफ्ट हाय का माय? माझ्या नातीच्या बिल्डिंगीत हाय अशी." सिस्टर हसून हसून खाली बसल्या. मग मी जुन्या साडीच्या फडक्यावर काळ्या दोऱ्यानं मोठं कपाट शिवलं, दोन दारं, दोन मुठी. ते फडकं घेऊन आम्ही घरोघर फिरलो. आम्ही म्हणजे सिस्टर, मी आणि दवाखान्यातल्या एक रिटायर आयाबाई. एवढाच आमचा पक्ष.

घरी मात्र वेगळंच झालं. समोरच्या मोठ्या उमेदवारानं गावातले ऑटो भोंग्यासाठी लावले, त्यात आमचाही लागला. ह्यांनी सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते.

"काम हाय ते," हे म्हणाले. "तू तुझं कर, मी माझं करतो."

"मी कुठं काय म्हणलं?"

"चेहरा म्हणून राहिलाय ना."

दोघंही हसलो, पण थोडंच. दिरांचा फोन आला होता हे मला कळलं होतं. घराची बाई भलत्याच्या प्रचाराला कशी, म्हणून.

मग रोज असं व्हायचं की आम्ही एखाद्या गल्लीत उभ्या असू आणि पलीकडून आमचाच ऑटो यायचा, दोन्ही बाजूंनी दुसऱ्या बाईचे फोटो, वर भोंगा. आवाज एवढा की समोरच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. पहिल्या दिवशी मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, आम्ही दिसलो की हे हात खाली नेऊन भोंगा बारीक करत. गल्ली ओलांडली की पुन्हा मोठा. सिस्टरच्याही लक्षात आलं होतं. एकदा फक्त म्हणाल्या, "तुझा नवरा ब्रेक हळू लावतो. मागं बाळंतीण बसलेली असावी तसा खड्ड्यातून चालवतो."

घरोघर फिरताना मला एक गोष्ट कळली. सिस्टरला पत्रक द्यायची गरजच नव्हती. दार उघडणारी बाई आधी त्यांचा हात धरायची. हा पायाळू होता सिस्टर, आठवतं का? हिचं रडू येत नव्हतं, तुम्ही उलटी धरून पाठीवर मारलं होतं. प्रत्येकीची एक गोष्ट, आणि सिस्टरला बहुतेक आठवायच्या. चहा नको म्हटलं तर लोक रुसायचे.

पण मत वेगळं असतं हेही मला त्याच दारांत कळलं. शेतीवाल्यांच्या आळीत एक जण ओट्यावर बसला होता. चांगला शिकलेला माणूस. सिस्टर पुढच्या घरी वळल्या तसं तो मला हळूच म्हणाला, "वैनी, बाई लाखात एक हायेत. पण आपल्यातल्या न्हाईत. तुम्ही काऊन फिरून राहिल्या?"

सिस्टर बौद्ध. त्यांचं घर विहाराला लागून. गावात हे सगळ्यांना माहीत आहे आणि एरवी कुणी बोलत नाही. तेवढ्यात आतून त्याची आई आली, कमरेत वाकलेली, हातात तुरीच्या शेंगांचं सूप.

"तुला पयल्यांदा हातात कुणी घेतलं, इचार की मला," ती म्हणाली. "मी घेतलं न्हाई. मी बेसुद पडले होते. तिनं घेतलं. तवा इचारलंस का कुणातली हाय?"

तो उठून आत गेला. म्हातारीनं माझ्या ओच्यात शेंगा घातल्या. सिस्टर कोपऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असणार. मी जवळ गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "तूर चांगली भरलीय या वर्षी." आम्ही शेंगा खात पुढं गेलो.

प्रचार संपायला दोन दिवस राहिले तेव्हा आमच्याच गल्लीत, दुपारी, बायकांची बैठक ठेवली. सतरंजी अंथरली, पंचवीस-तीस बाया आल्या. सिस्टर पाच मिनिटं बोलल्या आणि एकदम म्हणाल्या, "आता माझी सूचक बोलेल." मी आयुष्यात माईक धरलेला नाही. उभी राहिले, पदर सारखा केला, आणि ठरवलेलं सगळं विसरले. बाजारातल्या बायांचं, पाण्याचं, काहीच आठवेना. मग तोंडातून तेच निघालं जे तीस वर्षं आत होतं.

मी सांगितलं की माझं पहिलं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. मुलगी होती. पोटातच गेलेली. सगळे म्हणाले, आईला दाखवू नका, जीव अडकेल. सासूबाई म्हणाल्या, माझी आई म्हणाली, डॉक्टरही म्हणाले. सिस्टर तेव्हा नव्या होत्या. त्यांनी कुणाशी वाद घातला नाही. लेकराला कोमट पाण्यानं अंघोळ घातली, स्वच्छ कपड्यात गुंडाळलं आणि दार लावून माझ्या मांडीवर दिलं. म्हणाल्या, "बघ. तुझी आहे. घाई करू नको." आणि स्वतः दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, कुणी आत येऊ नये म्हणून.

"मी तिला पोटभर बघितलं," मी म्हणाले. "एवढंच सांगायचं होतं. मला दुसरं भाषण येत न्हाई."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढं बसलेल्या दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. त्यांनाही काही असेल, मला ठाऊक नाही. सिस्टर माझ्याकडं बघत नव्हत्या, सतरंजीच्या दशांची गाठ सोडवत होत्या. मी माईक ठेवला आणि मान वर केली तर गल्लीच्या तोंडाशी आमचा ऑटो उभा होता. भोंगा बंद. हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मी बघितलं तसं त्यांनी ऑटो मागं घेतला आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी आम्ही जेवलो, टीव्हीवर बातम्या लावल्या, झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंगणात ऑटो धूत होते. मी तुळशीला पाणी घालत होते. माझ्याकडं पाठ करूनच त्यांनी विचारलं, "कशी होती?"

"कोण?"

"पोरगी."

तीस वर्षांत तिचा विषय आमच्या घरात कुणी काढला नव्हता. मी तांब्या खाली ठेवला.

"केस लई होते," मी म्हणाले. "काळेभोर. बोटं लांब."

"नाक?"

"तुमचं."

ह्यांनी फडकं पिळलं. पुन्हा बादलीत बुडवलं, पुन्हा पिळलं. म्हणाले, "माझ्या हातात गुंडाळलेलीच दिली. मी आन् भाऊ गेलो घेऊन. उघडून बघावं वाटलं, हिंमत झाली न्हाई. भाऊ म्हणला, बघू नको. मी ऐकलं त्याचं."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. ऑटोच्या चाकाजवळ, ओल्या फरशीवर. मग जे जे आठवत होतं ते सगळं सांगितलं. कानाची पाळी, डाव्या गालावरचा लाल डाग, मुठी मिटलेल्या. हे मधेच एखादी गोष्ट पुन्हा विचारत. केस कुरळे होते की सरळ, हे दोनदा विचारलं. बादलीतलं गढूळ पाणी निवळलं तरी आम्ही बसूनच होतो.

नंतर ते उठले, शर्ट घातला आणि भोंगा लावायला गेले. घेतलेलं काम होतं, ते त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत केलं. मीही माझं केलं.

मतदानाच्या दिवशी मी सिस्टरची प्रतिनिधी म्हणून शाळेतल्या खोलीत बसले. हातात मतदारयादी, समोर अख्खी गल्ली एकेक करून येत होती. आत बोलायला मनाई, त्यामुळं बाया फक्त डोळ्यांनी बोलत. काही हसल्या, काहींनी नजर चुकवली. ओट्यावरचा तो शिकलेला माणूस आईला हाताला धरून घेऊन आला. म्हातारीनं मला सगळ्यांसमोर विचारलं, "कपाट कितव्या नंबरला हाय गं?" मतदान घेणारे साहेब ओरडले, "आजी, इथं विचारायचं नसतं!" म्हातारी म्हणाली, "मग कुठं इचारू, माहूरला?" खोलीत सगळे हसले, पोलीससुद्धा.

दुपारी हे आले. धुतलेला पांढरा शर्ट. बोटाला शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले. तिथं इतका वेळ लागला की साहेबांनी विचारलं, "काका, मशीन चालतंय ना?" मग बीप वाजला. बाहेर जाताना ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पाण्याची बाटली बाकावर ठेवून गेले. मत कुणाला दिलं हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. आमच्यात ते तसंच बरं आहे.

निकालात सिस्टर पडल्या. तिसऱ्या आल्या. ज्या बाईचा भोंगा आमच्या ऑटोवर होता ती निवडून आली. गुलालात गाव लाल झालं, फटाके वाजले. मी घरी येऊन मशीनवर बसले, पण सुईत दोरा जाईना. वाईट हरण्याचं नव्हतं. ज्या ज्या दारात हात धरला होता, त्या दारांचा हिशेब मन लावत होतं आणि ते मला आवडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सिस्टर हजर. पायात चपला, खांद्याला पिशवी.

"चल, आभार मानायला जायचंय."

"पडल्यावर आभार?"

"चहा पाजला ना सगळ्यांनी? चल."

मग त्याच गल्ल्या, तीच दारं. काही घरांत बाया बाहेरच येईनात. एकीनं दार उघडलं आणि रडायलाच लागली. "सिस्टर, घरचं ऐकावं लागलं, माझ्या हातात नव्हतं." सिस्टरनी तिचा हात हातात घेतला, नाडी बघावी तसा. म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. तू रडू नको. शुगर तपासलीस का या महिन्यात?" ती रडता रडता नाही म्हणाली. सिस्टरनी तिला तिथंच रागावलं, चांगलं रागावलं, आणि सोमवारी दवाखान्यात जाण्याचं कबूल करून घेतलं.

दुपारपर्यंत आम्ही खूप घरं केली. उन्हं चढली होती. एका घरी अंगणात लिंबाखाली बाज टाकली होती, तिथं घरची बाई पाणी आणायला आत गेली तेवढ्यात सिस्टर बसल्या बसल्याच झोपल्या. मान एका खांद्यावर, तोंड थोडं उघडं, हात पिशवीवर. अठरा दिवसांच्या फिरण्याचा थकवा एकदम अंगावर आला असावा. बाई तांब्या घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यावरच थांबली. मी तिला खुणावलं. आम्ही दोघींनी मिळून त्यांना हळूच आडवं केलं, पायातल्या चपला काढल्या, उशाला दुमडलेली गोधडी दिली. तिनं कोंबड्या हाकलून अंगणाचं दार ओढून घेतलं.

आम्ही सावलीला बसून बारीक आवाजात बोलत राहिलो. तिच्या दोन्ही लेकरांची बाळंतपणं सिस्टरनीच केलेली. त्या दोन्ही गोष्टी तिनं मला सावकाश सांगितल्या.

तासाभरानं सिस्टर उठून बसल्या. केस मागं केले, इकडं तिकडं बघितलं.

"किती घरं राहिली गं?"

"बारा-तेरा असतील."

"चहा घेऊ आणि निघू," त्या म्हणाल्या, आणि बाजेखाली चपला शोधू लागल्या.